औषधाचा गुण कोणास येईल?

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. काळभैरवाच्या देवळामुळे ती भाविकांना ठाऊक असते आणि कापडावरील छपाईमुळे बाजाराला. येथील कारागीर बाटिकचे कापड करतात, तेव्हा तापलेल्या मेणाने त्यावर आधी वेलबुट्टी काढतात आणि मग ते कापड रंगाच्या पाण्यात बुडवितात. जेथे मेण असेल तेथे रंग शिरत नाही. जेथे नसेल तेथे तो धाग्याधाग्यांत उतरतो. कर्करोगावरील एका नव्या उपचाराची करणी ज्यांना समजून घ्यावयाची आहे, त्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे सोपे जाईल. कारण कर्कपेशीही आपल्या अंगावर जणू एक प्रकारचे मेण लावून बसतात, आणि नवे औषध ते मेण निष्प्रभ करते.

येथे ज्या रोगाचा विचार करावयाचा आहे तो फुप्फुसाचा कर्करोग, आणि त्याचाही एक विशिष्ट टप्पा. या रोगाचे चार टप्पे मानतात. पहिल्या दोहोंत बहुधा शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकता येते. चौथ्यात रोग हाडे, यकृत, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी पोहोचलेला असतो. तिसरा टप्पा मधला, आणि म्हणूनच फार मोलाचा. रोग छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेला असतो, पुष्कळदा तो चाकूने काढता येत नाही. परंतु तो अद्याप छातीतच आहे, आणि रुग्ण पूर्णपणे बरा होण्याची आशा संपलेली नाही. अशा रुग्णास किरणोपचार व रसायनोपचार दोन्ही एकाच वेळी देतात. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे, एकूण ६० ग्रे इतकी किरणांची मात्रा, आणि त्याबरोबर शिरेतून औषधे. ही मात्रा वाढविली तर रोग अधिक दबेल असे तज्ज्ञांना पुष्कळ दिवस वाटत होते. अमेरिकेत त्याची परीक्षा घेण्यात आली. तिचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तो असा, की ७४ ग्रे मिळालेले रुग्ण ६० ग्रे मिळालेल्या रुग्णांपेक्षा कमी जगले. निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ २८.७ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर घसरला. अधिक दिले म्हणजे अधिक गुण येतो, हा समज असा मोजमापाने खोटा ठरला.

तेव्हा किरणांची मात्रा वाढविण्याचा मार्ग खुंटला. दुसरा मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या शरीरात सापडला. रक्तातील काही पांढऱ्या पेशी, ज्यांना टी-पेशी म्हणतात, शरीरात गस्त घालीत असतात आणि परकी अथवा बिघडलेली पेशी दिसली की तिचा नाश करतात. त्यांनी अतिरेक करून स्वतःच्याच शरीराला इजा करू नये म्हणून निसर्गाने त्यांच्यावर एक लगामही ठेवला आहे. पीडी-१ नावाचा हा लगाम जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये प्रथम सापडला. प्रतिकारशक्तीवरील असे लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधाबद्दल होंजो व अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कर्कपेशी धूर्त असतात. त्या आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचे प्रथिन धारण करतात आणि त्याच्या योगे टी-पेशीचा लगाम खेचतात. हेच ते मेण. रंग भोवती भरपूर असतो, पण तो आत शिरत नाही. ड्युरव्हॅलुमॅब हे औषध या पीडी-एल-१ ला चिकटून त्याचा प्रभाव थांबविते. किरणांनी फुटलेल्या कर्कपेशींचे अवशेष त्याच सुमारास टी-पेशींच्या नजरेस आलेले असतात. म्हणून किरणोपचार संपताच हे औषध दिले तर ते विशेष उपयोगी पडावे, अशी या उपचारामागील कल्पना.

कल्पना कितीही सुंदर असली तरी तिला परीक्षा द्यावी लागते. ‘पॅसिफिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेत २०१४ ते २०१६ या काळात ७१३ रुग्ण घेण्यात आले. किरणोपचार व रसायनोपचारानंतर ज्यांचा रोग वाढलेला नव्हता असेच हे रुग्ण होते. त्यांपैकी दोन तृतीयांश रुग्णांना वर्षभर दर दोन आठवड्यांनी ड्युरव्हॅलुमॅब देण्यात आले व एक तृतीयांशांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यम काळ औषधाविना ५.६ महिने होता. औषधाने तो १६.८ महिने झाला. पाच वर्षांनी पाहता औषध मिळालेल्यांपैकी ४२.९ टक्के हयात होते आणि न मिळालेल्यांपैकी ३३.४ टक्के. ज्या रोगात अनेक वर्षे काहीच सुधारणा दिसली नव्हती, तेथे हे यश फार मोठे होते, यात संशय नाही.

परंतु हेच आकडे जरा थांबून दुसऱ्या बाजूने वाचावयास हवेत. शंभर रुग्ण डोळ्यांपुढे आणावे. त्या सर्वांना वर्षभर औषध दिले, तर पाच वर्षांनी सुमारे त्रेचाळीस जण हयात असतील. पण त्यांपैकी तेहतीस जण औषध दिले नसते तरी हयात असते. किरणांनी व रसायनांनीच त्यांचे काम केले होते. सत्तावन्न जण औषध देऊनही पाच वर्षे पुरी करू शकले नाहीत. त्यांतील काहींना अधिक महिने लाभले असतील, काहींना तेही नाही. उरले नऊ-दहा जण. पाच वर्षांच्या हिशेबात औषधाने जगविले असे म्हणता येईल ते एवढेच. शंभरांतून हे दहा कोण, ते आधी ओळखता येईल काय? जगभरातील संशोधक गेली काही वर्षे याच प्रश्नामागे लागले आहेत.

या प्रश्नातील एक खाचखळगा पुष्कळदा दृष्टीआड होतो. रोगाचे पुढे काय होईल हे सांगणे वेगळे आणि औषधाचा गुण येईल की नाही हे सांगणे वेगळे. धडधाकट बैलाला कोणतेही औषध पाजा, तो गाडी ओढणारच. म्हणून त्या औषधाने त्याला बळ आले असे म्हणता येत नाही. पॅसिफिक परीक्षेत असे आढळले की किरणोपचार संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ज्यांची औषधासाठी निवड झाली, त्यांच्यात लाभ अधिक दिसला. लवकर दिलेले औषध खरोखरच अधिक उपयोगी पडते, की ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच लवकर सावरून औषध घ्यावयास येतात? दोन्ही शक्य आहे. अशा निरीक्षणावरून उशिरा आलेल्या रुग्णास परत पाठविणे अन्यायाचे होईल. त्या परीक्षेत बेचाळीस दिवसांपर्यंत प्रवेश होता, ही गोष्टही विसरू नये.

सर्वांत अधिक वाद झाला तो खुद्द पीडी-एल-१ वरून. तर्क उघड आहे. ज्या गाठीवर मेणच नाही तिच्यावर मेण घालविणारे औषध काय करणार? गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शंभरांतील किती कर्कपेशींवर हे प्रथिन आहे ते मोजता येते. पॅसिफिक परीक्षेतील रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते अशा १४८ जणांचा हिशेब मागाहून काढला, तेव्हा औषधाने त्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. यावरून युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये असा निर्णय दिला की एक टक्का किंवा अधिक प्रमाण असलेल्यांनाच हे औषध द्यावे. अमेरिकेच्या नियामकांनी त्याच वर्षी, त्याच परीक्षेच्या आधारे, ही अट न घालता सर्वांना मुभा दिली. पुरावा एक आणि निवाडे दोन. अटलांटिकच्या एका काठावर ज्याला औषध मिळते त्याला दुसऱ्या काठावर ते नाकारले जाते.

यात चूक कोणाची, असे विचारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकन बाजूचे आक्षेप वजनदार आहेत. हा हिशेब परीक्षा सुरू होण्यापूर्वी ठरलेला नव्हता. १४८ ही संख्या लहान, आणि तीही दोन गटांत विभागलेली. एवढ्याशा संख्येत योगायोगाला पुष्कळ वाव राहतो. शिवाय तपासलेला तुकडा उपचारांपूर्वीचा होता. किरणांनी व रसायनांनी गाठीची स्थिती पालटते, पीडी-एल-१ चे प्रमाणही बदलू शकते. आणि सुईने काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा साऱ्या गाठीचा प्रतिनिधी असतोच असे नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण ती सारखा शिजलेल्या भाताची. कर्करोगाची गाठ तशी एकजिनसी नसते. म्हणून पीडी-एल-१ चे प्रमाण भरपूर असेल तर औषधाची आशा वाढते एवढे निःशंक म्हणता येईल. ते शून्य असेल तर आशा सरली, असे मात्र त्या एका आकड्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही.

एका बाबतीत मात्र आजचे भाकीत बरेच पक्के आहे, आणि भारतीय रुग्णांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. काही रुग्णांच्या कर्कपेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. अशा रुग्णांत धूम्रपान कधीही न केलेले पुष्कळ असतात, स्त्रियाही बऱ्याच असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात सुमारे तेवीस टक्के रुग्णांत हा बिघाड त्यांना आढळला. पाश्चात्त्य देशांत आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा हे बरेच अधिक आहे. अशा गाठींवर प्रतिकारशक्तीच्या औषधांचा प्रभाव फारसा पडत नाही, हे अनेक परीक्षांतून दिसून आले आहे. त्यांच्यासाठी ओसिमर्टिनिब नावाची गोळी आहे. ‘लॉरा’ या परीक्षेत किरणोपचार व रसायनोपचारानंतर ही गोळी घेणाऱ्यांचा रोग मध्यम ३९.१ महिने आवाक्यात राहिला. न घेणाऱ्यांचा ५.६ महिने. हा निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाला. तेव्हा ही जनुकतपासणी न करता ड्युरव्हॅलुमॅब सुरू करणे म्हणजे आपल्याकडील अनेक रुग्णांना महागड्या पण चुकीच्या वाटेने धाडणे होय. एवढेच नव्हे, एका औषधापाठोपाठ लगेच दुसरे दिल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होण्याचा संभव वाढतो. घाई तपासणीची करावी, औषधाची नव्हे.

दुसरी आशादायक दिशा रक्ताच्या तपासणीची आहे. मरणाऱ्या कर्कपेशींतून जनुकद्रव्याचे सूक्ष्म तुकडे रक्तात मिसळतात आणि आता ते शोधून काढता येतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये ६५ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. किरणोपचार संपल्यावर ज्यांच्या रक्तात असे तुकडे सापडले नाहीत ते रुग्ण, प्रतिकारशक्तीचे औषध मिळो वा न मिळो, चांगल्या स्थितीत राहिले. ज्यांच्या रक्तात ते सापडले त्यांत औषध मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा बरी होती. वर सांगितलेल्या शंभरांपैकी औषधावाचूनही जगणारे तेहतीस जण ओळखण्याची वाट येथे प्रथमच दिसू लागली. पण पासष्ट रुग्ण म्हणजे फार थोडे. तपासणी निर्मळ आली म्हणून औषध थांबविण्याचा सल्ला देण्याइतका हा पुरावा अद्याप भक्कम नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या साध्या मोजणीवरूनही काही अंदाज बांधले जातात. टी-पेशी ज्या वर्गात मोडतात त्या लिंफोसाइट किरणांपुढे फार नाजूक असतात. किरणोपचारात त्या फार घटल्या तर पुढील औषधाला लढावयास सैन्यच उरत नाही, असा हा तर्क आहे. छातीच्या चित्रांवरून यंत्रगणकांकरवी भाकीत करण्याचेही प्रयत्न चालू आहेत. एका रुग्णालयाच्या चित्रांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या रुग्णालयात अडखळते, असा अनुभव त्यांत वारंवार येतो.

उज्जैनमध्येच महाराजा सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. आकाशाचा अभ्यासक ग्रहणाची घटका सांगतो आणि त्या घटकेस ग्रहण लागते; चंद्राला पर्याय नसतो. वैद्यकातील भाकीत या जातीचे नाही. ते समूहाविषयी बोलते. शंभरांपैकी साठ म्हटले की समोर बसलेला एक जण साठांतला की चाळिसांतला, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. तथापि ते हस्तरेषा पाहून केलेल्या भविष्यासारखेही नाही. ते तपासता येते, आणि खोटे ठरले तर सोडून द्यावे लागते. किरणोपचारानंतर हे औषध उपयोगी पडते, तर किरणोपचार चालू असतानाच ते सुरू केल्यास अधिक उपयोगी पडेल, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. ‘पॅसिफिक-२’ परीक्षेने २०२३ मध्ये ते खोटे ठरविले.

गुणाबरोबर अपायाचेही भाकीत करावे लागते. लगाम सैल झाला की टी-पेशी कधीकधी निरोगी अवयवांवरही उलटतात. आधीच किरणांनी होरपळलेल्या फुप्फुसास सूज येण्याचे भय असते. पॅसिफिक परीक्षेत औषध मिळालेल्यांपैकी ३३.९ टक्के रुग्णांना अशी सूज आली. न मिळालेल्यांत हे प्रमाण २४.८ टक्के होते. बहुतेकांची सूज सौम्य होती. तीव्र स्वरूपाची सूज ३.४ टक्क्यांना आली. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण असलेली फुप्फुसे पुष्कळ. कर्करोगालाच क्षय समजून महिनेच्या महिने क्षयाची औषधे घेतलेले रुग्णही कमी नाहीत. म्हणून उपचारानंतरच्या महिन्यांत कोरडा खोकला वाढला, चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तर तो ऋतूचा फेर मानून घरगुती काढ्यावर न राहता त्वरित तज्ज्ञाकडे जावे.

आणि अखेर पैशाचा प्रश्न. टाटा स्मारक रुग्णालयातील डोके, मान व छातीच्या कर्करोगाच्या रुग्णांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्तीचे औषध ज्यांना द्यावयास हवे होते असे ९,६१० रुग्ण तीत होते. प्रत्यक्षात ते मिळाले १५५ जणांना, म्हणजे १.६१ टक्के. सुखवस्तू देशांत भाकिताचा उपयोग कोणाला औषध थांबवावे हे ठरविण्यासाठी होतो. आपल्याकडे कुटुंबाने शेत विकावे की न विकावे, हा निर्णय त्यावर लटकलेला असतो. वर्षभराचे औषध म्हणजे वर्षभराचा प्रवास, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि परगावचा मुक्कामही. त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी या अडचणीवर एक मार्ग शोधला आहे. डोके व मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात निव्होलुमॅब या याच जातीच्या औषधाची मात्रा त्यांनी नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम ठेवली. १५१ रुग्णांच्या या परीक्षेत वर्षाअखेर हयात राहिलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही परीक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाची नव्हती, आणि ड्युरव्हॅलुमॅबची मात्रा कोणी आपल्या मनाने कमी करू नये. परंतु औषध कोणास द्यावे याबरोबरच ते किती द्यावे, हा प्रश्नही भारतातूनच विचारला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

या साऱ्या तपासण्या ज्यावर होतात तो गाठीचा तुकडा रुग्णालयात पॅराफिन मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. पॅसिफिक परीक्षेतही ७१३ पैकी ४५१ जणांचेच पीडी-एल-१ कळू शकले. आपल्याकडे पहिली तपासणी एका गावी, किरणोपचार दुसऱ्या शहरी आणि सल्ला तिसरीकडे अशी धावपळ असते. उज्जैनहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या रुग्णाजवळ फाइल असते, छायाचित्रांचा मोठा लिफाफा असतो. तो ठोकळा मात्र पहिल्या प्रयोगशाळेच्या कपाटातच राहून जातो. मग पुन्हा छातीत सुई घालावी लागते, किंवा तपासणीवाचूनच उपचार ठरतो, आणि किरणोपचारानंतरचे मोलाचे आठवडे निघून जातात. तो ठोकळा प्रयोगशाळेकडे अर्ज करून मागून घेता येतो. गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी तो मागून घ्यावा, आणि ईजीएफआर व पीडी-एल-१ या दोन तपासण्या झाल्या आहेत काय, हे किरणोपचार चालू असतानाच डॉक्टरांना विचारावे.